सेवेची मर्यादा आणि ओढणारी नौका

दुसऱ्याला पुढे नेणाऱ्याचे कर्म नेमके कोणाच्या नावावर जमा होते? नौदलाच्या टगबाबत, म्हणजे इतर जहाजे ओढणाऱ्या नौकेबाबत, हा प्रश्न उघडपणे उभा राहतो. १९८३ साली भारतीय नौदलात दोन नौका आल्या. नांदेडच्या घाटांलगत वाहणाऱ्या नदीचे नाव घेतलेली फ्रिगेट ‘गोदावरी’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली होती, तर सागरी टग ‘मतंग’ कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये. १९८८ च्या मालदीव मोहिमेत भाडोत्री सैनिकांचे जहाज गाठल्याने ‘गोदावरी’चे नाव झाले आणि २०१५ मध्ये ती मानाने निवृत्त झाली. ‘मतंग’चे काम बंद पडलेली जहाजे ओढण्याचे, तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. आंग्र्यांच्या आरमारातही वारा पडला की वल्ह्यांची गलबते जड गुराब जहाजांना ओढून लढाईच्या जागी नेत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. ओढकामाला ही मांडणी चपखल लागू पडते. इंजिन, पोलादी दोर, खलाशांचे कसब, वारा आणि भरती यांतल्या कोणा एकाला श्रेय देऊन भागत नाही. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिब या शीख गुरुद्वाऱ्यात रोज गोदावरीचे पाणी गागरीने आणून तख्ताला स्नान घातले जाते. टगप्रमाणे तिथेही गागर वाहणाऱ्याची ओळख त्याच्या कामावरूनच असते.

पण सेवा म्हणजे स्वतःला पुसून टाकणे नव्हे, आणि हे टगवर डोळ्यांनी दिसते. ओढले जाणारे जहाज भरकटून दोर टगच्या कुशीला आडवा आला, तर त्या ताणाने टग क्षणात कलंडते. म्हणून दोराच्या हुकाला तो तत्काळ सोडण्याची सोय असते आणि ती केव्हा वापरायची हे टगवरचेच लोक ठरवतात. निष्काम कर्माचा अर्थ विवेक सोडणे असा लावणाऱ्यांनी हा हुक जरूर पाहावा. फळाची आशा सोडता येते, जबाबदारी सोडता येत नाही. बुडालेली टग कोणाच्याच उपयोगाची नसते. संत-शिपायाच्या शीख आदर्शातही सेवेबरोबर सावधपणा येतोच.

दोर सोडला तरी टग निघून जात नाही. ती बेताच्या अंतरावर थांबते, आणि हवा निवळली की आधी हलकी दोरी फेकून तिच्यामागून जाड दोर पुन्हा जहाजावर चढवते.