गोळ्या नीट घेताय ना?

कॅन्सरच्या ओपीडीत हा प्रश्न रोज किती वेळा विचारला जातो कोण जाणे. विचारणाऱ्याची नजर रिपोर्टवर असते, हात पुढच्या फाइलकडे गेलेला असतो आणि दाराबाहेर टोकन घेऊन माणसे ताटकळत असतात. उत्तरही ठरलेले, ‘हो डॉक्टर.’ शेजारच्या खुर्चीतली बायको एकदा नवऱ्याकडे बघते आणि पिशवीतले कागद उगाच सारखे करत बसते. गावाकडच्या लग्नाला गेलो तेव्हा चार दिवसांच्या गोळ्या कपाटातच राहिल्या होत्या, हे तिला चांगले आठवत असते.

यात खोटे कोण बोलले? ‘हो’ म्हणणारा, गप्प बसलेली, की उत्तर हातात देऊनच प्रश्न विचारणारा? मला तिघांचाही थोडाथोडा वाटा दिसतो. आणि या छोट्याशा खोट्याची किंमत फार मोठी असते, म्हणून आज त्याबद्दल.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर. १९६० साली पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या फिलाडेल्फियातल्या संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसले. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे ते तसे दिसते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे प्रथिन तयार होते आणि ते पेशींना थांबूच देत नाही. इमॅटिनिब हे औषध नेमके त्या प्रथिनाला अडवते. अमेरिकेत मे २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शने घ्यायची, नाहीतर बोन मॅरो देणारा भाऊ-बहीण शोधायचा. आता बहुतेक रुग्ण रोज ४०० मिलिग्रॅम गोळी घेतात आणि दुकान, शेती, नोकरी सांभाळतात.

म्हणजे उपचार हॉस्पिटलमधून घरी आले. सलाइनमधून केमो देताना नर्स वेळ लिहिते, सही करते. घरातल्या गोळीचा असा कोणी साक्षीदार नसतो.

तो साक्षीदार लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी तयार केला. गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात त्यांनी एक यंत्र बसवले. बाटली केव्हा उघडली गेली याची त्यात नोंद होई. काही वर्षे इमॅटिनिब घेत असलेल्या ८७ रुग्णांवर तीन महिने अशी नजर ठेवली आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग हवा तितका खाली जाण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली. नव्वद किंवा त्याहून कमी टक्के घेणाऱ्यांत ती होती २८.४ टक्के. महिन्याच्या हिशेबात नव्वद टक्के म्हणजे तीनच गोळ्या चुकलेल्या. आणि ज्यांच्या ऐंशी टक्क्यांच्या वर गोळ्या गेल्या नाहीत, त्यांच्यापैकी एकालाही तो पल्ला गाठता आला नाही.

गोळ्या चुकवणाऱ्याला बेफिकीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण या गोळीने डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते. दुसरीकडे रिपोर्ट चांगला आला की वाटते, झालो बरा, आता रोज कशाला? रोग गेलेला नसतो, औषधाने दाबून ठेवलेला असतो. वर्षानुवर्षे रिपोर्ट उत्तम राहिलेल्या काही निवडक रुग्णांचे औषध डॉक्टर थांबवून बघतात, हे खरे. पण तेव्हा सुरुवातीला दर महिन्याला तपासणी होते, आणि तरीही साधारण निम्म्या जणांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते. आपल्या मनाने थांबणे ही फार वेगळी गोष्ट.

शिवाय आपली घरे, आपले सण. इमॅटिनिब जेवणासोबत आणि ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायचे असते, नाहीतर पोट बिघडते. मग निर्जळी एकादशीला काय करायचे? हरतालिकेला? बऱ्याच घरांत त्या दिवशी गोळी गुपचूप बुडते. खरे तर औषधाला वरईच्या तांदळाचे वावडे नाही. फराळ करून गोळी घेता येते, आणि निर्जळी सोडायला कोणता देव आजाऱ्याला नको म्हणेल? सीएमएलवरच्याच निलोटिनिब या गोळीचे मात्र उलटे आहे. ती उपाशीपोटी घ्यायची. आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास खायचे नाही, कारण अन्नामुळे ती रक्तात जास्त उतरते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. तिसरी डासाटिनिब. ती घेणाऱ्याने सकाळी उठल्याउठल्या सवयीने पित्ताची गोळी घेतली, तर पोटातले आम्ल कमी होऊन औषध अंगी कमी लागते. एकच रोग, तीन गोळ्या, तीन पथ्ये. ओपीडीच्या बाकावर शेजारच्याने प्रेमाने दिलेला सल्ला म्हणूनच घातक ठरू शकतो.

इमॅटिनिब आणि निलोटिनिबच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असे छापलेले असते. ते आपल्याकडे खाते कोण, असे म्हणून आपण पुढे जातो. पण गणपतीत कोकणात घरोघरी फोडला जाणारा पपनस ग्रेपफ्रूटच्याच कुळातला. यकृतात औषध मोडणाऱ्या यंत्रणेला अडवणारी द्रव्ये त्यातही असतात. कोणीतरी आणून दिलेला गुळवेलीचा काढा, क्षयाचे रिफॅम्पिसिन, फिटची फेनिटॉइन, काही अँटिबायोटिक्स, सगळ्यांचा या औषधांशी संबंध येऊ शकतो. यातले काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवे. आणि विचारायचे तर ‘मी घरी काढाही घेतो’ हे सांगण्याचे धैर्य हवे. तिथेच घोडे अडते.

सगळ्यात अवघड असते ते घरातले लपवणे. पाहुणे यायचे म्हणून पट्टीतल्या गोळ्या काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या जातात. पट्टीवरचे नाव गेले, तारीख गेली, आणि उद्या नातवंडाने ती बाटली उघडली तर? त्याहून बिकट अवस्था लग्न ठरलेल्या मुलीची. सासरी आजार सांगितलेला नाही. हे औषध गर्भाला अपाय करू शकते, म्हणून गोळी चालू असेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून आखणी करावी लागते. पण जिचा आजारच सासरी गुपित आहे, ती हे कोणत्या तोंडाने सांगणार? ती गोळी तरी बुडवते, नाहीतर धोका तरी पत्करते. तिच्या खोटेपणावर बोट ठेवण्याआधी ‘मुलीला काही आजार नाही ना?’ असे विचारून स्थळ परत पाठवणाऱ्यांनी आपले हात बघावेत.

आणि पैसा. एक काळ इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडची महिन्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, भारतीय कंपन्यांची गोळी आठ-दहा हजारांत मिळे. पेटंटविरोधात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने मूळ ब्रँडच्या कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. स्वस्त गोळीची वाट खुली राहिली. तरीही ज्याची मजुरी दिवसावर आहे, तो तारखेला येण्याचा एसटीचा खर्च आणि बुडालेला रोज मोजतो आणि गोळ्या एक दिवसाआड घेऊन पुरवतो. हे तो डॉक्टरांना सांगत नाही, लाज वाटते म्हणून. सांगितले असते तर समाजसेवा विभागाकडे चिठ्ठी तरी गेली असती.

न सांगितल्याने काय होते? बीसीआर-एबीएलचा आकडा चढतो. डॉक्टरांना वाटते औषध निकामी झाले. ते दुसरी गोळी लिहितात, बहुधा महाग आणि तिचे स्वतःचे वेगळे त्रास असलेली. चांगले चाललेले औषध एका ‘हो’पायी हातचे जाते. अर्धवट गोळ्यांत रोगाला औषध पचवायची संधी मिळते, ते वेगळेच.

रुग्णाने खरे बोलावे हे बरोबरच. पण खरे बोलणाऱ्याला आपण काय देतो? डॉक्टर ओरडतात, मुलगा ‘एवढा पैसा ओततोय आम्ही’ म्हणतो, बायको रडते. सगळ्यांच्या काळजीला शिक्षेची धार असते. मग माणूस पुढच्या वेळी ‘हो’ म्हणायला शिकतो. माझ्या मते इथे आधी बदलायला हवा तो प्रश्न. ‘नीट घेताय ना?’ऐवजी ‘या महिन्यात किती राहिल्या? बहुतेकांच्या राहतात,’ असे विचारायला फक्त काही सेकंद जास्त लागतात, आणि गर्दीच्या ओपीडीतही तेवढे असतात.

घरच्यांसाठी एवढेच. गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यायची, दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाही. उलटी झाली तरी मनाने पुन्हा घ्यायची नाही, फोन करायचा. आणि पुढच्या तारखेला फाइलबरोबर सगळ्या पट्ट्या न्या, रिकाम्या आणि भरलेल्याही. त्या टेबलावर ठेवा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच राहिलेल्या गोळ्यांचा आकडा सांगा.