अभ्यासाची जागा

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी करण्याचे हुकूम सुटले आणि शिक्षणासाठी शहरात आलेले सहस्रावधी तरुण मिळेल त्या वाहनाने गावोगाव परतले, तेव्हा या घटनेकडे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेच पाहिले गेले; त्या घटकेला तसे पाहणे युक्तही होते. परंतु ज्या घरातून बाहेर पडल्यावाचून आपल्या प्रांतातील असंख्य मुलांना विद्या साध्य होत नव्हती, त्याच घरी विद्यापीठांनी त्यांना परत धाडले आणि तेथेच बसून पदवी पुरी करण्यास सांगितले, या गोष्टीचा विचार तेव्हा फारसा झाला नाही आणि साथ ओसरल्यावरही झालेला मला दिसत नाही.

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास हा शाळा-महाविद्यालयांइतकाच विद्यार्थ्याच्या निवाऱ्याचाही इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जैन, मुसलमान, अस्पृश्य गणलेले अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. फी माफ केली तर मुलगा वर्गात येईल, पण दोन वेळचे अन्न आणि पुस्तक उघडून बसण्यापुरती निर्वेध जागा मिळाल्याखेरीज तो तेथे टिकणार नाही, ही जाण त्या उदारतेच्या मुळाशी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली आणि त्यांना स्वतःच्या श्रमावर शिकण्याची वाट घालून दिली, तीही याच जाणिवेतून. परळच्या चाळीतील अपुऱ्या जागेत वाढलेले विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्यांच्यावर गेली, आणि पुढे केळुसकरांच्याच शब्दाने सयाजीराव गायकवाडांकडून त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणास साहाय्य मिळाले. २०२० साली बागांच्या फाटकांनाही कुलपे होती.

त्या काळात विद्यार्थ्यांना धीर देण्यासाठी न्यूटनचा दाखला वारंवार दिला जाई. प्लेगमुळे १६६५ साली केंब्रिज बंद पडले, न्यूटन वूल्सथॉर्पला आपल्या घरी गेला आणि त्या सक्तीच्या एकांतात गणित, प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांच्या चिंतनात त्याने अपूर्व मजल मारली, हे खरे. परंतु त्याची पदवी तोवर पदरात पडलेली होती, घर मळ्यातले ऐसपैस होते, सावत्र वडिलांकडून आलेली शेकडो कोऱ्या पानांची जाडजूड वही त्याच्यापाशी होती, आणि कोणत्याही कचेरीला त्याची हजेरी पाठवायची नव्हती. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, ज्याचा रोजगार नुकताच तुटला आहे अशा बापासमोर, धाकट्या भावाच्या शाळेचे तास संपेपर्यंत घरातल्या एकुलत्या एका मोबाइलची वाट पाहणाऱ्या मुलापुढे न्यूटनचा आदर्श ठेवणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले.

आणि मुलींची अवस्था याहून बिकट होती. महाविद्यालयात जायचे आहे, एवढ्या एका कारणावर ज्यांना दिवसातले पाच-सहा तास स्वतःचे म्हणून मिळत होते, त्यांचे ते कारणच नाहीसे झाले. ‘घरीच तर आहेस’ या वाक्यापुढे त्यांच्या वेळापत्रकाचा टिकाव लागेना. कानात ईअरफोन, त्यात अर्थशास्त्राचे व्याख्यान आणि पोळपाटावर पोळी, अशा रीतीने कितीजणींनी सत्रे पार पाडली असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडायची नाही. पडद्यावर त्यांचे नाव दिसत होते, म्हणजे त्या उपस्थित होत्या. या मुलींनी जे शिक्षण मिळवले त्याबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्याला ‘ऑनलाइन शिक्षणाचे यश’ म्हणवत नाही.

त्या वर्षीचा सगळा वाद मात्र परीक्षेभोवती फिरत राहिला. राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षा नको होत्या; विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैच्या सूचनांनुसार त्या सप्टेंबरअखेर घ्यायला लावल्या; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ ऑगस्ट रोजी न्यायालयाने निर्णय दिला की राज्याला परीक्षा लांबणीवर टाकता येतील, पण परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडनच्या नमुन्यावर, परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था म्हणून; संकटकाळी ते मूळ प्रकृतीवर गेले, यात आश्चर्य नाही. नंतर घरबसल्या बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या, निकाल लागले. ती उत्तरे विद्यार्थ्याने कोठे बसून लिहिली, हा प्रश्न त्या वादात क्वचितच कोणी विचारला.

ध्वनिमुद्रित व्याख्यान पुनःपुन्हा ऐकता येते, हा लाभ खराच होता, आणि साठीला आलेल्या ज्या प्राध्यापकांनी रिकाम्या खोलीत मोबाइलसमोर उभे राहून शिकवण्याची नवी विद्या आत्मसात केली त्यांचे श्रम मी कमी लेखीत नाही. पण दूरशिक्षणासाठीच जन्मलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठालाही गावोगाव अभ्यासकेंद्रे लागतात.

तेव्हा अशी साथ पुन्हा आली तर त्यासाठी एक तजवीज आजच व्हावी. वसतिगृह रिकामे करण्याचा हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याने, कोणत्या विद्यार्थ्याच्या घरी अभ्यासास जागा नाही याची यादी आधी मागवावी, तेवढ्यांना राहण्याची मुभा द्यावी. आणि वसतिगृहच विलगीकरणासाठी ताब्यात घ्यावे लागले तर तालुक्याच्या गावी, साथीचे अंतर राखून, शाळेच्या रिकाम्या इमारतीत त्यांच्यासाठी टेबल, वीज आणि इंटरनेट यांची सोय लावावी. गेल्या साथीत त्या इमारती महिनोन्‌महिने बंद होत्या.