वाटणीला काही न उरलेले घर

भाऊबंदकी म्हटली की बांधावरून होणारी भांडणे, घराच्या मधोमध उभी राहिलेली भिंत आणि दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणारे वाटपाचे दावे मराठी वाचकाला आठवतात, आणि म्हणून भावंडांतील स्पर्धेचे मूळ मालमत्तेत शोधण्याची सवय आपल्याकडे पक्की झालेली आहे. मानसशास्त्राने ते मूळ पाळण्याजवळ शोधले. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड आडलर यांनी जन्मक्रमाला महत्त्व दिले आणि दुसऱ्या मुलाच्या आगमनाने पहिले मूल जणू गादीवरून खाली उतरवले जाते, असे मांडले. या दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्य आहे. परंतु ज्या घरात वाटण्याजोगी मालमत्ता उरलेली नाही आणि आईबाप स्वतःच कोसळत आहेत, त्या घरातील चुरस त्यांतून नीट उलगडत नाही. तेथे मुलांमध्ये वाटली जाते ती पालकांच्या अपयशाची जबाबदारी, आणि ती वाटणी समान कधीच नसते.

डब्लिनच्या जॉइस कुटुंबात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल. जॉन जॉइस हे करवसुली खात्यातील अधिकारी होते. 1893च्या सुमारास ती नोकरी संपली, तुटपुंजे निवृत्तिवेतन हाती आले आणि कॉर्क येथील वडिलोपार्जित मिळकत कर्जापायी विकावी लागली. चार मुलगे आणि सहा मुली, वडिलांचे मद्यपान, थकलेले भाडे आणि त्यामुळे वारंवार बदलणारी बिऱ्हाडे, अशा स्थितीत ही मुले वाढली. थोरला जेम्स, जो पुढे लेखक म्हणून नावाजला, 1882 साली जन्मला, स्टॅनिस्लॉस 1884 साली. वयातील अंतर तीन वर्षांचेही नव्हते, पण घराचा उतार या दोघांच्या वाट्याला वेगवेगळ्या वयात आला. जेम्सला 1888 साली क्लॉन्गोज वूड या जेझुइटांच्या महागड्या निवासी शाळेत पाठवण्यात आले आणि पैसे संपल्यावर 1891 साली तेथून काढून घेण्यात आले, म्हणजे वैभव थोडे का होईना त्याने पाहिले. स्टॅनिस्लॉसच्या वाट्याला ती शाळा आलीच नाही; पुढे बेल्व्हेडिअर या शाळेत दोघांनाही फी माफ झाली, पण तोवर थोरला हा घराची आशा आणि धाकटा हा त्याचा सोबती, ही विभागणी ठरून गेली होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस शॅख्टर यांनी 1976 साली मांडलेली एक संकल्पना येथे उपयोगी पडते: जवळच्या वयाची भावंडे एकमेकांपासून मुद्दाम वेगळी होत जातात, म्हणजे एकाने जी जागा व्यापली ती सोडून दुसरे आपली जागा शोधते आणि त्यामुळे थेट तुलनेची धार बोथट होते. जेम्स पिणारा, उधळा आणि वडिलांचा लाडका. स्टॅनिस्लॉस हिशेबी, व्यसनापासून दूर राहणारा आणि वडिलांचा कठोर न्यायाधीश. एकाच घरात वाढूनही या दोघांना वडील मात्र वेगळे मिळाले. जेम्सला त्या माणसातला गायक, किस्से सांगणारा रंगेल गडी दिसत राहिला, आणि 1931 साली वडील वारल्यावर तो खरोखर हळहळला. स्टॅनिस्लॉसच्या आठवणींत तोच माणूस आईला छळणारा दारुडा आहे. यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न व्यर्थ आहे. लाडक्याला क्षमा परवडते. ज्याच्याकडे लक्षच गेले नाही त्याला ती परवडत नाही.

1905 साली स्टॅनिस्लॉस भावाच्या बोलावण्यावरून, तो राहत होता त्या त्रिएस्त शहरी गेला, तेथे इंग्रजी शिकवू लागला आणि त्याच्या पगारातून भावाच्या संसाराचे भाडे, किराणा आणि देणी भागू लागली. पालकांचे काम मुलावर येऊन पडणे, या घटनेचा कुटुंबोपचाराच्या अभ्यासकांनी पुष्कळ विचार केला आहे. येथे विशेष इतकेच की धाकटा थोरल्याचा बाप झाला आणि तेही वडिलांच्याच उधळेपणाची दुसरी आवृत्ती सांभाळण्यासाठी. त्याला मत्सर वाटला का? वाटलाच असणार, पण केवळ मत्सर म्हटल्याने काही हाती लागत नाही, कारण ज्या भावाशी स्पर्धा होती त्याच्या प्रतिभेवर त्याचा सर्वांआधी विश्वास होता. भावाच्या 'चेंबर म्युझिक' या संग्रहातील कवितांचा क्रम त्याने लावला, त्याच्या रोजनिशीतील मजकूर भावाने 'अ पेनफुल केस' या कथेसाठी वापरला, आणि भावाच्या कादंबरीच्या आधीच्या खर्ड्यात मॉरिस या नावाने ठसठशीत असलेले त्याचे पात्र छापील आवृत्तीत जवळजवळ पुसले गेले. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा कलात्मक निर्णय योग्यच असेल. भाऊ म्हणून तो निर्दय आहे.

तरीही स्टॅनिस्लॉसला निदान प्रतिस्पर्धी होता येत होते. आई 1903 साली वारल्यावर डब्लिनमधील घर मार्गारेट या थोरल्या बहिणीने चालवले, आणि 1909 साली ती जोगीण म्हणून न्यूझीलंडला गेली. तिने भावांचा हेवा केल्याचे कोणी नोंदवलेले नाही, आणि ही नोंद नसणे म्हणजे तिचा स्वभाव सोशिक होता असा पुरावा मानणे घाईचे ठरेल. स्पर्धा करण्यासाठी मुळात उमेदवार म्हणून मोजले जावे लागते. जॉइसांच्या घरात शाळा, महत्त्वाकांक्षा आणि देशाबाहेर पळण्याची मुभा यांचे उमेदवार मुलगेच होते. भावंडांतील चुरशीवरचे बरेचसे लेखन ज्यांची चुरस ऐकू येते त्यांच्याविषयीचेच असते, आणि अडचणीतल्या घरात सर्वांत मोठा हिस्सा उचलणारे मूल बहुधा त्या लेखनाच्या बाहेर राहते.