कांटचे तीन महिने

१७५९ मध्ये स्टॉकहोमला मोठी आग लागली. स्वीडनचा इमानुएल स्वेडेनबोर्ग तेव्हा शेकडो किलोमीटर दूर गोथेनबर्गला होता आणि तिथे बसूनच त्याने आगीची खबर दिली, अशी वदंता पसरली. हा गृहस्थ मृतात्म्यांशीही बोलतो म्हणे! क्योनिग्सबर्गचा तत्त्वज्ञ इमानुएल कांट याने त्याच्या ग्रंथाचे आठ जाडजूड खंड पदरमोड करून मागवले, वाचले आणि १७६६ मध्ये निनावी पुस्तक लिहून त्याची टर उडवली. पण ती टर विद्वानांवरही उलटत होती. आत्मे पाहणारा वेडा, तर अनुभवाला न विचारता आत्म्याची आणि ईश्वराची शास्त्रे रचणारे पंडित शहाणे कशावरून? सत्ताशास्त्र (मेटाफिजिक्स) हे मानवी बुद्धीच्या मर्यादांचे शास्त्र आहे, हे कांटने तिथेच लिहून ठेवले.

आणि चार वर्षांत तोच मागे फिरला. १७७० च्या प्रबंधात त्याने मांडले की इंद्रियांना वस्तू दिसते तशी कळते, बुद्धीला मात्र ती असते तशी. ही माघारच त्याला स्वस्थ बसू देईना. बुद्धीने आपल्याच पोटातून काढलेल्या कल्पना बाहेरच्या वस्तूंना लागू का पडाव्यात, असे त्याने १७७२ मध्ये आपला विद्यार्थी मार्कुस हेर्त्स याला पत्रात विचारले. उत्तराचा पहिला भाग तीनेक महिन्यांत छापतो, असेही कळवले. लागली नऊ वर्षे.

१७८१ च्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात एक प्रकरण आजही चक्रावून टाकते. समोरासमोरच्या पानांवर दोन सिद्धता. डावीकडे: जगाला आरंभ असलाच पाहिजे, नाहीतर आजपर्यंत अनंत काळ सरून संपलेला असायला हवा, आणि जे अनंत ते सरत नाही. उजवीकडे: आरंभ असूच शकत नाही, त्याआधी रिकामा काळ मानावा लागेल, आणि रिकाम्या काळात जग याच क्षणी का सुरू व्हावे याला कारण सापडत नाही. कांटच्या मते दोन्ही सिद्धतांचा तर्क बिनचूक आहे. चूक आधीच झालेली असते: ‘अखिल जग’ ही आपल्यापुढे ठेवलेली वस्तू आहे असे दोन्हींत धरून चालले जाते.

ही चूक आळसाची नव्हे. कारणामागचे कारण शोधण्याची जी ओढ पदार्थविज्ञान घडवते, तीच ‘शेवटचे कारण सांगा’ म्हणून हटून बसते. ज्ञानाचा उगम आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत, ही कांटची खरी कमाई. त्याने आखलेली सीमारेषा मात्र मला तितकी पक्की वाटत नाही. युक्लिडची भूमिती त्याने अवकाशाच्या आकलनात कायमची बसवली होती. एकोणिसाव्या शतकात वेगळ्या भूमिती निघाल्या आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनने त्यांतली एक गुरुत्वाकर्षणाला लावली. मर्यादा ओळखणारा ती ओलांडूनच उभा असतो, हा हेगेलचा टोलाही सहज परतवता येत नाही.

तरीही ओढ सुटत नाही, हे कांटचे म्हणणे टिकले. विसाव्या शतकात व्हिएन्नाच्या तार्किक प्रत्यक्षवाद्यांनी अनुभवाने पडताळता न येणारे सत्ताशास्त्र निरर्थक ठरवले. पण त्यांची ती कसोटीही अनुभवाने पडताळता येत नव्हती.