हयातीचा दाखला

शनिवारी रात्री जेवणं आटोपून मी टीव्हीसमोर बैठक मारली, की आमचे चिरंजीव मोबाइलमधून मान वर न करता विचारतात, "आज सामरी की सत्तर रुपये?"

सामरी म्हणजे रॅमसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधला राक्षस. पण घरगुती भाषेत त्या एका नावाखाली रॅमसेंचे सगळेच भुताळी चित्रपट येतात. 'दो गज जमीन के नीचे'पासून सुरुवात करून मी ते ओळीने बघतो, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून लावतो. सत्तर रुपये म्हणजे अर्थातच 'अशी ही बनवाबनवी', आणि त्याच्या जोडीने 'गोलमाल', 'चुपके चुपके' ही मंडळी. तिसरं काही मी बघत नाही. नवीन बघायला हरकत नसते, पण दिवसभर काउंटरवर नवीन माणसं बघितल्यावर रात्री ओळखीची बरी वाटतात.

एकदा चिरंजीवांनी मुद्द्यालाच हात घातला. "बाबा, शेवट पाठ आहे, मग बघता तरी काय?"

मी बँकेतला माणूस. उदाहरण तयार होतं. म्हटलं, "अरे, शंभराचं बंडल मशीनने मोजून दिलेलं असतं, तरी मी हाताने मोजतोच ना?"

"पण त्यात एखादी नोट कमी निघू शकते. सामरी कमी निघत नाही."

पोरगं हुशार आहे. आईवर गेलंय. मी गप्प बसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. जे होणार हे ठाऊक आहे त्याला माणूस घाबरतो कशाला, आणि जो विनोद येणार हे ठाऊक आहे त्याला हसतो तरी कशाला?

मी सामरीला पहिल्यांदा भेटलो ते १९९०च्या सुमारास, चाळीत. तेव्हा वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायची पद्धत होती. भाडं वसूल व्हायला हवं म्हणून तीन कॅसेट एका रात्रीत संपवायच्या. पहिली वडीलधाऱ्यांसाठी पौराणिक, दुसरी सहकुटुंब म्हणजे 'बनवाबनवी', आणि तिसरी, मुलं झोपल्यावर, 'पुराना मंदिर'. मुलं अर्थातच झोपत नसत. मी दहा वर्षांचा. माझ्या चादरीला उंदराने कुरतडलेलं एक भोक होतं, त्यातून मी तो अख्खा चित्रपट पाहिला. पुढे महिनाभर चाळीच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक संडासाकडे मी एकटा गेलो नाही.

आज तोच सामरी बघताना मला त्याची दयाच येते. दोनशे वर्षं धड मंदिरामागे पुरलेलं आणि मुंडकं हवेलीत पेटीबंद. म्हणजे एका माणसाची दोन खाती दोन शाखांत, आणि जुळवणी होत नाही! त्यातून हे काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीचे इंजिनियर, हे कळल्यापासून तर भीतीची उरलीसुरली शिल्लकही संपली. इंजिनियर झालेल्या मुलाला दात लावून जंगलात धावायला लागतं यात घाबरण्यासारखं काय? आमच्या घरी एक इंजिनियरिंगला आहे, म्हणून म्हणतो.

या रॅमसे मंडळींबद्दल मला व्यावसायिक आदरही आहे. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीनंतर मुंबई, पदरी सात मुलगे. १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा चित्रपट काढला, तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात, हे मुलांच्या लक्षात आलं. आम्ही कॉमर्सवाले ताळेबंदातला तोटा बघून हळहळतो. यांनी त्याच तोट्यात जमेची एकच ओळ शोधली आणि १९७२ साली महाबळेश्वरला जाऊन 'दो गज' काढला. असा खातेदार मिळाला तर कर्ज डोळे मिटून मंजूर करावं. (मंजुरीचा अधिकार मला नाही, ही गोष्ट वेगळी.)

भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यात हास्य आहे आणि भयानकही आहे. शृंगारातून हास्य निघतं आणि बीभत्सातून भयानक, असं त्यांचं म्हणणं. रसांशी माझा एरवीचा संबंध उसापुरता, पण माझ्या अनुभवाची एक नोंद त्यांच्या ग्रंथाच्या समासात करावीशी वाटते. भयानक वापरून झिजतो, हास्य झिजत नाही. भीतीला पुढचं ठाऊक नसणं लागतं. हसण्याला ते ठाऊक असलं तरी चालतं, उलट जास्तच चालतं. 'गोलमाल' १९७९चा. मिशी म्हणजे चारित्र्य असं मानणारे उत्पल दत्त आणि मिशी काढून जुळा भाऊ झालेले अमोल पालेकर. हिंदी पडद्यावरचा हा बहुधा एकमेव नायक, जो चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि तरीही प्रेक्षक त्याच्या बाजूने आहेत. तो चित्रपट मी किती वेळा पाहिला याचा हिशेब मी सोडून दिलाय, आणि मी हिशेब सहसा सोडत नाही.

या ठाऊक असण्याचा कळस म्हणजे आमचे अण्णा.

'बनवाबनवी'त धनंजय माने घरमालक सरपोतदारांना, औषधासाठी त्यांच्याकडून घेतलेले सत्तर रुपयेही माणसासारखेच दिवंगत झाल्याचं गंभीर चेहऱ्याने कळवतो. अशोक सराफ काही वर्षं स्टेट बँकेत नोकरीला होते. बुडीत कर्जाची बातमी कशी द्यावी हे त्यांना ठाऊक असणारच. तर अण्णा त्या ठिकाणी हसायचे, पण एक वाक्य आधी. विनोद दाराशी आला नाही तोच हे त्याला सामोरे! १९९०च्या त्या रात्रीही मी चिडून म्हणालो होतो, "अण्णा, थांबा ना, अजून आलं नाही ते." पुढे तीस वर्षं त्यांनी ती चूक सुधारली नाही.

अण्णा गेले त्या रात्री मी रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो. समोर एक बंद दार आणि वर लाल दिवा. एवढे रॅमसे पचवलेला माणूस मी. बंद दाराचं मला काय? पण त्या दारामागे काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. रॅमसे सज्जन माणसं होती हे मला तेव्हा कळलं. काही वाईट व्हायच्या आधी ते वारा सोडत, खिडकी आपटत, संगीत वाजवत, सावध करत. इथे काहीच वाजलं नाही. पहाटे दार उघडलं, तेही आवाज न करता.

अकराव्या दिवशी संध्याकाळी भेटायला येणारे पांगले आणि आई म्हणाली, "ह्यांचा तो सिनेमा लाव रे."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. घरात सुतक, कोपऱ्यात दिवा, आणि टीव्हीवर लक्ष्मीकांत बेर्डे लुगड्यात? पण आईने पुन्हा सांगितलं. लावला. आवाज अगदी बारीक ठेवला, जणू चोरीच करत होतो. आणि नेमके धाकटे काका आले.

काका दारातच थबकले. "वहिनी, हे बरं नव्हे. तेरा दिवस तरी..."

"बसा भावोजी," आई म्हणाली. "सत्तर रुपये यायचेत अजून."

काका बसले, पण खुर्ची उलटी फिरवून, टीव्हीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून. सत्तर रुपये आले. ते यायच्या आधीच्या त्या एका वाक्यावर घरात कोणीच हसलं नाही. केवढी मोठी पोकळी होती ती! मग विनोद आला. मी पाहिलं, काकांचे पाठमोरे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते हे मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. त्या रात्री आम्ही चुकलो का? नातेवाइकांत बरीच चर्चा झाली. काकांनी मात्र एका शब्दानेही विषय काढला नाही. माझं मत विचाराल तर रडण्याची परवानगी माणसाला तेरा दिवस असते, आणि अण्णांची आठवण नेमकी त्यातच बसवायची असा काही नियम नाही.

तेव्हापासून एक विचित्र गोष्ट लक्षात येते. भुताच्या चित्रपटात मला भुतं दिसत नाहीत. ती दिसतात 'बनवाबनवी'त. सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही २००४ साली गेले, सरपोतदार झालेले सुधीर जोशी २००५ साली. उत्पल दत्त तर १९९३लाच गेले. सगळे मजेत हिंडतात, बोलतात, आणि आपण चादर न ओढता बघत बसतो.

आमच्या शाखेत दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची रांग लागते. पेन्शनर मंडळी स्वतः येऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करतात. २०१४पासून हे बोटाच्या ठशावरही होतं, पण आयुष्यभर भांडी घासलेल्या आणि पोळ्या लाटलेल्या बोटांवरच्या रेषा मशीनला सापडत नाहीत. गेल्या नोव्हेंबरात रांगेत आई होती, अण्णांच्या मागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी. अंगठा तीनदा लावला, तीनदा नाही म्हणाला.

"म्हणजे मी नाहीच का रे?" तिने विचारलं. मी तिची बोटं रुमालाने पुसली, आणि चौथ्यांदा ती हयात निघाली.

त्या रात्री तिने तोच चित्रपट लावायला सांगितला. चिरंजीव मोबाइल घेऊन बाजूला. सरपोतदार आले, माने उभे राहिले, चेहरा गंभीर झाला, आणि एक वाक्य आधीच आई खुदकन हसली.

चिरंजीवांनी मान वर केली. "आजी, थांब ना, अजून आलं नाही ते."