देव नसेल तिथे

छायाचित्रणाच्या प्रात्यक्षिकासाठी मी औंढा नागनाथाचं देऊळ निवडलं. तिरप्या उन्हात बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं उठून दिसतात. चौकटीत तारा, चपला, नारळाची दुकानं येऊ दिली नाहीत. तंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच. पण देवळाचा फोटो काढताना 'इथे पावित्र्य आहे, तिथे नाही' हा निवाडा मी कोणत्या अधिकाराने करते?

याच औंढ्याची कथा आहे. संत नामदेव गुरूच्या शोधात आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेव त्यांचे पाय हलवत गेले आणि जिथे ठेवले तिथे पिंड उगवली. माझं कॅमेऱ्याचं शिक्षण नेमकं याच्या उलट: बघणं म्हणजे वगळणं.

तरी चौकट मला खोटी वाटत नाही. सर्वत्र देव आहे हे कळल्यावरही नामदेवांना विठ्ठल हवाच होता. त्यांच्या नावाची पायरी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारातच आहे. माणसाला एका जागी उभं राहूनच पाहता येतं.

प्रात्यक्षिकाच्या प्रदर्शनात मी चपलांच्या ढिगाचा फोटो शिखराच्या फोटोशेजारी, त्याच आकारात लावणार आहे. परीक्षक विषय भरकटला म्हणतील. तो वाद मला घालायचाच आहे.