विषाणूचे ऋण

इंडोनेशियाने २००७ साली एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले, कारण रुग्णांकडून घेतलेल्या अशा नमुन्यांवरून परदेशी कंपन्या लस बनवत आणि ती विकत घेणे नमुना देणाऱ्या देशालाच परवडत नसे. नमुने अडवल्याने सर्वांचाच धोका वाढतो, हा आक्षेप खराच. तरीही मूळ प्रश्न दान, म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले, आणि ऋण, म्हणजे घेणाऱ्याला बांधून ठेवणारे, यांतील भेदाचा आहे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारलेल्या महासाथ-सज्जतेच्या चौकटीने नमुन्यांची आणि लाभांची वाटणी समान मोलाची ठरवून हे ऋण न्याय्यपणे मान्य केले. मात्र हंगामी फ्लूचे विषाणू त्या चौकटीबाहेरच राहिले.